शांपूच्या चौदा पुड्या

आमच्या सर्व्हे कंपनीने पुढे नियमांची एक पुस्तिका छापली. गुळगुळीत कागद, सगळा मजकूर इंग्रजीत, शेवटच्या पानावर आभाराची यादी. त्या यादीत सल्लागारांपासून छपाईवाल्यापर्यंत सगळे आहेत, मी नाही. आतला एक नियम मात्र माझा आहे. वाटण्या झालेल्या कुटुंबांचं काय करायचं, हे सांगणारा. तो नियम कोपरीतल्या एका खोलीत, शांपूच्या पुड्यांवरून झालेल्या भांडणातून निघाला, हे पुस्तिकेत लिहिलेलं नाही. ते इथे लिहितो.

सर्व्हे म्हटलं की लोकांना वाटतं, कोणीतरी दारात येतो, चार प्रश्न विचारतो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. तसलेही सर्व्हे असतात. आमचा पॅनल होता. पॅनल म्हणजे तीच घरं, महिन्यामागून महिने, वर्षानुवर्षं. देशभरातल्या शहरांतून कुटुंबं निवडलेली आणि प्रत्येक कुटुंबाला एक डायरी आणि एक कापडी पिशवी दिलेली. चहा, तेल, साबण, टूथपेस्ट, बिस्किटं, जे काही पाकीटबंद घरात येईल ते त्याच दिवशी डायरीत लिहायचं आणि संपलं की रिकामं वेष्टन पिशवीत टाकायचं. महिनाअखेर आमचा माणूस जाणार आणि डायरी न् पिशवी समोरासमोर ठेवून ताडून बघणार. डायरी खोटं बोलेल, पिशवी बोलणार नाही, असं मी नव्या लोकांना छाती काढून शिकवायचो.

एवढा खटाटोप कशासाठी? एकदाच विचारलं तर एवढंच कळतं की अमक्या घरात आज अमका साबण आहे. त्याच घरात वर्षभर गेलात की कळतं, तो साबण आला कधी, गेला का, आणि सून आल्यावर त्याच्या जागी काय आलं.

घरं निवडण्याचीही रीत होती. मतदार यादीवरून सुरुवातीचा पत्ता मुंबईच्या ऑफिसातून लिहून यायचा. तिथे उभं राहायचं, उजव्या हाताची बाजू धरून चालायला लागायचं आणि दर पाचवं दार ठोठावायचं. पाचव्या दारात कुत्रा असो, कजाग म्हातारी असो, दार तेच. "शेजारची बाई तयार आहे, तिला घेऊ का?" असं नवा माणूस हमखास विचारायचा. नाही घ्यायची. हसून दार उघडणाऱ्या बायकाच घेत गेलो तर या देशात फक्त हसऱ्या बायका राहतात असा अहवाल जाईल. न हसणारीला हसवायची, तेच आमचं काम.

ते मला येत होतं. मी ठाणे-कल्याण पट्ट्याचा सुपरवायझर, शिक्षण मॅट्रिक. वडील कोलशेतला एका कारखान्यावर वॉचमन होते. या नोकरीआधी मी तीन वर्षं डोंबिवलीत घरोघरी फिनेल विकलेलं. फिनेल विकलेल्या माणसाला कुठल्याच दाराची भीती उरत नाही. कॉलेजातून आलेले इन्व्हेस्टिगेटर सकाळी दहाला जायचे आणि शिव्या खाऊन यायचे. मी पावणेचारला जायचो. दुपारची झोप झालेली, चहा व्हायचा असतो, नळाला पाणी यायला तासभर अवकाश. त्या तासात बाई जगाशी चांगलं वागते. आणि मी आधी पाणी मागायचो. आपण ज्याला पाणी दिलं त्याला लगेच हाकलता येत नाही.

डोंबिवलीत एक नाना होते, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना मी समजावलं, "नाना, तुमचं एक घर म्हणजे तुमच्यासारख्या कित्येक हजार घरांचा प्रतिनिधी."

"म्हणजे मी निवडून आलो?"

"तसंच समजा."

"मग विरोधात कोण उभं होतं?"

पुढली सहा वर्षं त्यांची डायरी पॅनलमधली सर्वांत सुवाच्य डायरी होती. पिशवीबद्दल मात्र त्यांची तक्रार असे. तेलकट वेष्टनं घरात साठवणं त्यांना पटायचं नाही. म्हणून ते प्रत्येक वेष्टन धुवायचे आणि गॅलरीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालायचे. सोसायटीत त्यावरून बोलणी व्हायची. नाना सांगायचे, "राष्ट्रीय काम आहे."

माझा स्वभाव तापट आहे, हे लपवून उपयोग नाही, वाचणाऱ्यांत माझ्या हाताखालचे लोक असतील. एका दिवाळीला ऑफिसने कुटुंबांना भेट म्हणून प्लास्टिकच्या बादल्या पाठवल्या. डोंबिवलीच्या बाईला वर्षभर डायरी लिहायला लावून प्लास्टिक? मी एक बादली उचलली, लोकलने फोर्टच्या ऑफिसात गेलो आणि आमच्या वरिष्ठांच्या, प्रधान साहेबांच्या टेबलावर त्यांच्या कागदांवर पालथी घातली. पुढल्या वर्षापासून स्टीलचे डबे सुरू झाले. डब्यावर नाव घालण्याचे पैसे घेणार नाही, हे ठाण्याच्या भांडीवाल्याकडून मीच कबूल करून घेतलं. त्याचंही श्रेय मला कोणी दिलं नाही, पण ते जाऊ दे.

आता कोपरी. कुटुंब नंबर एकोणीस.

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला उतरून दहा मिनिटं चाललं की कोळ्यांची जुनी घरं होती. त्यातल्या एका खोलीत हिराबाई राहायच्या. मासळी विकायच्या, आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. मुलगा भालू कारखान्यात होता, सून सुगंधा, आणि नात वर्षाची. हिराबाईंना मी मावशी म्हणायचो, सुगंधाला वहिनी. हिराबाईंना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे डायरी सुगंधा लिहायची. सातवी शिकलेली, अक्षर गोल आणि टपोरं. दोन वर्षं हे घर माझ्या यादीतलं सगळ्यात गुणी घर होतं.

डायरी ताडून बघताना आमच्या माणसाने ती मोठ्याने वाचायची, अशी आमची पद्धत. घरातल्या बाकीच्यांनी ऐकलं म्हणजे राहिलेलं आठवतं. पद्धत चांगली आहे. त्या महिन्यात मी नेहमीसारखा वाचत होतो आणि हिराबाई मोरीत पाटी धूत होत्या.

"अंघोळीचा साबण, तीन. चहा, पाव किलो, दोन वेळा. शांपूच्या पुड्या," मी बेरीज केली, "चौदा."

मोरीतला पाण्याचा आवाज थांबला.

"किती?"

"चौदा, मावशी."

"घरान डोकी किती?"

मला अजून अंदाज आला नव्हता. मी पुढचं पान बघून म्हणालो, "चार."

"माजं डोकं धरू नको, मी रिठा लावते. भालूला टक्कल. पोरीचं जावल परवा काढलंय." त्या पाटी घेऊन बाहेर आल्या. "मंग चौदा पुड्या कोनाच्या डोक्यावर गेल्या?"

सुगंधा म्हणाली, "खाडीच्या वाऱ्याने केस चिकटतात. एका पुडीत काय होतंय?"

"आमच्या केसाला वारा नाय लागला काय गो?"

मी "पुढे बिस्किटं" म्हणालो, पण बिस्किटांपर्यंत कोणी आलं नाही.

पुढल्या महिन्यात गेलो तर त्या एका खोलीत दोन चुली. मोरीच्या अलीकडे हिराबाईंचा रॉकेलचा स्टोव्ह, पलीकडे सुगंधाचा गॅस. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. भालू दोन्हीकडे जेवत होता, कारण कोणालाच नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. तो चांगलाच सुटलेला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, तू ते वाचलंस कशाला मोठ्याने?"

मी वेष्टनं मोजायला लागलो. आणि खरी अडचण पुढेच होती. सर्व्हेच्या भाषेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. छप्पर एक असो वा दोन, रक्ताचं नातं असो वा नसो, चूल एक तर कुटुंब एक. आणि आमचा नियम असा, की चूल फुटली की कुटुंब बंद. यादीतून काढा आणि त्याच्या जागी नवं घर घ्या. म्हणजे एकोणीस नंबर गेला. माझ्या वाचण्यामुळे.

मी फोर्टला गेलो. प्रधान साहेब आमचे फील्डचे प्रमुख. ठाण्याचेच, शांत, शुद्ध बोलणारे. मी भडकलो की ते चष्मा पुसायचे.

"नियम आहे," ते म्हणाले.

"साहेब, आपली घरं गळतात कशाने? बदली झाली, माणूस गेलं, नाहीतर भांडण झालं. बदलीला आणि मरणाला इलाज नाही. पण भांडणारी घरं दर वेळी तुम्ही काढून टाकता. दहा वर्षांनी यादीत काय उरेल? जिथे सासू-सून कधी भांडल्याच नाहीत, असा देश. तुम्ही पाहिलाय का असा देश?"

साहेबांनी चष्मा काढला. "तुमचं म्हणणं काय?"

"दोन्ही चुली धरा. एकोणीस अ आणि एकोणीस ब."

"एका घराची दोन घरं झाली तर हिशेबात त्यांचं वजन दुप्पट होईल."

"कसं होईल? वाटणी झाली की शेताचा वाटा अर्धा होतो. तसं वजनही अर्धं-अर्धं करा. त्यात काय?"

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "सहा महिने. फक्त ठाणे, कल्याण, डोंबिवलीत, तुमच्या जबाबदारीवर. नीट निघालं तर नियम देशभर लावू. आणि तुमच्या विभागाची एक्झिक्युटिव्हची जागा आहे, ती भरताना तुम्ही ग्रॅज्युएट आहात की नाहीत, हे मी बघणार नाही."

त्या जागेवर माझ्यादेखत तीनदा कॉलेजवाले येऊन बसले होते. त्यांना दारातली बाई आणि दाराची कडी यांतला फरक मी शिकवलेला. त्यामुळे ते सहा महिने माझ्यासाठी काय होते, हे वेगळं सांगायला नको.

चुली फुटलेली चार घरं शोधली, दोन डोंबिवलीत, एक कल्याणला आणि हे. बाकीची तीन पटकन तयार झाली. कोपरीत हिराबाई अडल्या.

"दोन वह्या नकोत. तोंडानं भांडलो ते भांडलो. कागदावर वेगलं झालं की वेगलंच झालं."

"मावशी, हा सरकारी कागद नाही. घर एकच, नंबर एकोणीसच. नुसतं अ आणि ब."

"अ कोन?"

सुगंधा इतका वेळ भिंतीकडे तोंड करून होती. ती भिंतीलाच म्हणाली, "डायरी दोन वर्षं मी लिहिली. अ मी."

अर्धा तास गेला. शेवटी ठरलं ते असं: अ हिराबाई, पण दिवाळीचा डबा आधी सुगंधाने निवडायचा. हिराबाईंची डायरी शेजारची बेबी लिहील. दोघींनी मान हलवली, एकमेकींकडे न बघता. मी फिनेल विकत असताना इतका घासून सौदा कधी केला नव्हता.

पुढचे महिने मजेत गेले. चारही घरांतून दोन-दोन डायऱ्या वेळेवर यायच्या. मी त्या प्रधान साहेबांना दाखवायला स्वतः घेऊन जायचो. ऑफिसात चहा मागवताना माझा आवाज बदललाय, असं शिपाई म्हणाला.

पाचवा महिना संपल्यावर एका रविवारी सकाळी घरी डायऱ्या पसरून बसलो. सहज म्हणून एकोणीस अ आणि एकोणीस ब शेजारी शेजारी ठेवल्या. अ मध्ये चहा, तेल, बिस्किटं. ब मध्ये साबण, धुण्याची पावडर, टूथपेस्ट. मागचा महिना काढला, तसंच. त्याच्या मागचा, तसंच. म्हणजे हिराबाईंनी तीन महिन्यांत अंघोळ केली नव्हती आणि सुगंधा चहा प्यायली नव्हती. मग अक्षराकडे लक्ष गेलं. दोन्ही डायऱ्यांत तेच, गोल आणि टपोरं. बेबीचं तिरकं अक्षर पहिल्या दोन महिन्यांनंतर गायबच होतं. इतरांच्या डायऱ्या मी भिंगातून बघायचो आणि हे माझ्या नाकाखाली होतं. पिशव्याही डायऱ्यांशी तंतोतंत जुळत होत्या.

तसाच चप्पल घालून कोपरीला गेलो. सुगंधा गॅसवर चहा करत होती आणि हिराबाई तिच्या शेजारी बसून नातीला भरवत होत्या. स्टोव्ह कुठे दिसत नव्हता.

"बस," हिराबाई म्हणाल्या. "चा घे."

"कोणाच्या चुलीवरचा?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"हिला ताप आलता," हिराबाई म्हणाल्या. "आठ दिस निजून होती. हिचा गॅस मीच पेटवला. मंग उठली, तवा दोन कशाला पेटवायचे?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू सायबाशी भांडून आलास म्हनं. दोन वह्या पायजेत म्हनं. ह्यांचं गोड झालं म्हनून सायबाला सांगशील त तुजा मान र्‍हाईल काय?"

सुगंधा घाईने म्हणाली, "भाऊ, बाहेरून काही खोटं आणलं नाही हां. सगळी घरातलीच रॅपरं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी बसून आम्ही दोघी वाटून घ्यायचो. तुम्ही यायच्या दिवशी तेवढा स्टोव्ह माळ्यावरून खाली काढायचो."

"तेल मी घेतलं, साबन तिला दिला," हिराबाई म्हणाल्या. वाटणी न्याय्य झाली होती, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. अर्ध्यावर हिराबाई म्हणाल्या, "आवाज खाली. पोर भियाल." तेव्हा थांबलो.

मग मी जे करायला निघालो होतो तेही सांगतो. महिनाभराचाच प्रश्न होता. साबण अर्धा इकडे, चहा अर्धा तिकडे, बेबीला परत बोलवायचं, की सहा महिने पुरे. मी "मावशी, एक महिना…" एवढं बोललो सुद्धा. पुढे बोलता येईना. त्याच वर्षी मी एका इन्व्हेस्टिगेटरला काढलं होतं. कल्याणच्या एका हॉटेलात बसून तो बारा घरांच्या डायऱ्या भरायचा. त्याला काढताना मी जे बोललो होतो ते सगळं त्या खोलीत मला शब्दन् शब्द आठवायला लागलं. चहा घेतला आणि उठलो.

सोमवारी प्रधान साहेबांपुढे डायऱ्या ठेवल्या आणि सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. चष्म्याला हात लावला नाही.

"म्हणजे तुमच्या भांडणाऱ्या देशात समेटही होतो तर."

"होतो, साहेब. त्याचाही नियम करा. अ आणि ब पुन्हा एक झाले तर काय करायचं, त्याला तुमच्या फॉर्मात रकानाच नाही. त्या बायकांनी तरी काय करायचं?"

एकोणीसचे तीन महिने रद्द झाले. बाकी तीन घरांच्या चुली फुटलेल्याच होत्या, त्यांच्या डायऱ्या स्वच्छ निघाल्या. नियम मंजूर झाला. चूल फुटली तर दोन्ही धरायच्या, वजन वाटून द्यायचं, पुन्हा एक झाल्या तर एक करायच्या. देशभर. आणि एक्झिक्युटिव्हच्या जागेवर एक पदवीधर आला. कारण काय, तर स्वतःच्या विभागातली गोष्ट मला तीन महिने दिसली नाही. दिसली नाही, कबूल. पण दिसल्यावर सांगितलं कोणी? सांगितलंच नसतं तर आज आभाराच्या यादीत मी पहिला असतो. यावर मी प्रधान साहेबांशी त्यांच्या निवृत्तीपर्यंत भांडलो. निरोपाच्या दिवशीही जिन्यात गाठून भांडलो. ते म्हणाले, "तुम्ही बरोबर आहात," आणि खाली उतरून गेले. एवढं त्यांनी आधी म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

नियम आला त्या आठवड्यात मी कोपरीला गेलो. आता घर एकच होतं, ब ची डायरी परत न्यायची होती. सुगंधाने ती फडक्याने पुसून माझ्या हातात दिली. हिराबाई दारात बसून जाळ्याची गाठ सोडवत होत्या.

"सायेब काय बोलला?"

"नियम झाला, मावशी. सगळ्या देशात."

"आन् तुजी खुर्ची?"

हे त्यांना कोणी सांगितलं होतं, देव जाणे. भालूला मीच कधीतरी बोललो असेन.

"दुसऱ्याला गेली."

"आमच्यामुलं?"

मी ब ची डायरी पिशवीत कोंबली. हिराबाईंनी जाळं बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि आत वळून बघितलं.

"काय गो सुगंधा, तो इष्टो माल्यावरच हाय ना?"

"हाय."

"काढ खाली." मग माझ्याकडे वळून, कोलंबीचा भाव विचारावा तशा आवाजात त्यांनी विचारलं, "आमी दोघी परत भांडताव. सा म्हैने पुरतील काय रं, का वरीस लागंल?"